जडवस्तू नोंदवहीत न मावलेलं

१९९१ च्या जूनमध्ये मी वेल्हे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाले. माझ्या आधीच्या सरांची बदली झाली होती आणि त्यांना दुपारची एसटी गाठायची होती. त्यांनी मला उभ्या उभ्याच चार्ज दिला. जडवस्तू नोंदवही उघडली आणि आम्ही एकेक वस्तू हात लावून मोजली. लोखंडी गोळे ४, थाळ्या ३ (पैकी एकीची कड उडालेली), भाले २, खो-खोचे खांब १ जोडी, तीस मीटरची मोजपट्टी १, शिट्ट्या २, ढोल १, लेझीम ४०. खाली त्यांची सही, शेजारी माझी. पंचवीस मिनिटांत सगळं उरकलं. सर गेले आणि मैदानाची मालकीण मी झाले.

त्या वर्षी तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांचं यजमानपद आमच्या शाळेकडे होतं. ज्यांना ही रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दरवर्षी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्यांनी शाळांच्या स्पर्धा होतात. तालुक्याच्या पायरीवर एखादी शाळा यजमान होते. मैदान तिचं, पाणी तिचं, आणि गोंधळ झाला तर तोही तिचा. पुढच्या वर्षी यजमान दुसरा. ऑलिंपिकचंही असंच असतं. चार वर्षांनी शहर बदलतं आणि नवं शहर पहिल्यापासून शिकायला बसतं. आमच्याकडे एवढाच फरक, की शहराच्या जागी गाव असतं आणि चार वर्षांच्या जागी एक पावसाळा.

आदल्या दिवशी मी मुलांना घेऊन मैदान आखलं. फक्की मारली, खांब रोवले, दोरीने कोन तपासले. रात्री पाऊस लागला. वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी सातला मैदानावर आले तर एका खांबाभोवती घोटाभर पाणी, आणि फक्की वाहून खालच्या भातखाचरात गेलेली. आमचे शिपाईमामा छत्री घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, पानी आभाळातनं न्हाई आलं, त्या टेकाडावरनं आलंय. मागल्या वख्ताला सरांनी वरच्या अंगाला चर मारला व्हता, तवा ग्राउंड वाचलं."

मी विचारलं, "मामा, मग मला काल का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाई, बाई. मला वाटलं, सरांनी चार्जात सांगितलं आसंल."

त्या दिवशीची खरी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती अजून माझ्या मनात सलते. पाबे घाटापलीकडच्या, पानशेतच्या अंगाच्या एका शाळेचा मुलींचा खो-खो संघ सकाळच्या पहिल्याच सामन्याला मी लावला होता. घाटात दरड आली. मुली अर्धं अंतर चालत आल्या आणि मैदानावर पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. तोपर्यंत पंचांनी समोरच्या संघाला पुढे चाल देऊन टाकली होती. नियमाने ते बरोबरच होतं. त्या नऊ-दहा मुली ओल्या गणवेशात व्हरांड्यात रांगेत उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या, नुसत्या मैदानाकडे बघत होत्या. वर्षभराचा त्यांचा सराव न खेळताच संपला. पुढे कळलं, की घाटापलीकडच्या शाळांचे सामने उशिरा लावायचे ही गोष्ट तालुक्यातल्या सगळ्या जुन्या क्रीडाशिक्षकांना तोंडपाठ होती. ती कुठेच लिहिलेली मात्र नव्हती.

त्या रात्री भोरला घरी परतल्यावर मी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'घाटापलीकडची शाळा, पहिला सामना अकराच्या आत नको.' ती वही पुढे तेहेतीस वर्षं मी चालवली. हा लेख त्या वहीविषयी आणि तिच्याच जातीच्या मोठ्या वह्यांविषयी आहे.

जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रीडासोहळ्याची अडचण आमच्यासारखीच असते, हे मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळलं. ऑलिंपिक भरवायला जी संयोजन समिती बनते ती सात-आठ वर्षांपुरती असते. हजारो माणसं तिथे येतात, डोकं फुटेस्तोवर शिकतात, आणि स्पर्धेचा शेवटचा दिवा विझला की काही महिन्यांत चहूकडे पांगतात. कार्यालय बंद, टेबलं विकलेली, फोन क्रमांक निकामी. पुढच्या शहराने विचारायचं कुणाला? १८९६ च्या अथेन्सपासून अधिकृत अहवालांची परंपरा आहे, नाही असं नाही. पण अहवाल आणि अनुभव यांत मोठं अंतर असतं. आमच्या शाळेच्या वार्षिक अहवालात स्पर्धांवर दरवर्षी एकच वाक्य असायचं: 'स्पर्धा उत्साहात व यशस्वीरीत्या पार पडल्या.' १९९१ च्या अहवालातही तेच होतं, आणि ते मीच लिहिलं होतं. त्या वाक्यात दरड नव्हती, चर नव्हता, आणि त्या मुलीही नव्हत्या.

१९९६ ला अटलांटात वाहतुकीची फार दैना झाली. बसचालक बाहेरगावाहून आणलेले होते, त्यांना शहरातले रस्ते ठाऊक नव्हते. खेळाडूंच्या गाड्या चुकल्या, उशीर झाला, आणि त्याची चर्चा जगभर झाली. सिडनीने हे डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि २००० च्या स्पर्धेसाठी रस्ते व वाहतूक एवढंच काम करणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली. दुसऱ्याच्या चुकीतून शिकायचं, तर चूक जवळून पाहायला मिळावी लागते.

सिडनीच्याच वेळी आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. शिकलेलं सगळं पद्धतशीर लिहून पुढच्या यजमानाच्या हाती द्यायचं, असं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ठरवलं. 'ट्रान्सफर ऑफ नो-हाऊ' हे त्या कार्यक्रमाचं नाव. सिडनीच्या संयोजन समितीकडचं हे ज्ञान आंतरराष्ट्रीय समितीने ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून घेतलं. अनुभवाला किंमत असते आणि ती रोख मोजावी लागते, हे तिथे कागदावर आलं. पुढे या कामाची घडी बसली ती तीन अंगांनी. विभागवार लिहिलेल्या पुस्तिका हे एक. चालू स्पर्धेत पुढच्या यजमानाची माणसं येऊन पडद्यामागचं काम पाहतात, हे दुसरं. आणि स्पर्धेनंतर जुने यजमान नव्या यजमानाच्या शहरात जाऊन समोरासमोर बसतात, हे तिसरं. लंडन २०१२ नंतरची अशी बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिओत झाली.

मला यातलं तिसरं अंग सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते मी लहानपणापासून पाहिलंय. आमच्या भागात गावजत्रेला कुस्त्यांचा फड होतो. जत्रा उलटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देवळात गाव बसतं आणि यात्रा कमिटी हिशेब वाचते. इनामाला किती गेले, ढोलवाल्यांना किती, मंडपाला किती. हिशेब वाचता वाचता माणसं बोलतात. माती भिजवायला उशीर झाला. पंच म्हणून अमक्याला बोलावलं ते चुकलं. बायांना बसायला जागाच नव्हती. पुढच्या वर्षीची कमिटी तिथेच समोर बसलेली असते आणि ऐकत असते. जत्रेची हळद अजून अंगावर असताना हे बोलणं होतं, म्हणून ते खरं असतं. महिन्याभराने विचारा, सगळे म्हणतील, झकास झाली जत्रा.

वहीत लिहायचा माझा नियम त्यावरूनच ठरला. आठ दिवसांच्या आत लिहायचं. आठ दिवसांनी माणूस चूक विसरत नाही, पण तिला चांगलं नेसवू लागतो.

सिडनीतलीच एक घटना मी शिकवताना मुलांना नेहमी सांगायचे. महिलांच्या जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी चालू होती. व्हॉल्टच्या घोड्यावर एकामागून एक मुली पडत होत्या, जगातल्या नावाजलेल्या मुली. रशियाची स्वेतलाना खोर्किनासुद्धा पडली. मग ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरच्या लक्षात आलं, की घोडा खाली आहे. मोजला तर १२५ सेंटिमीटरऐवजी १२० भरला. तोवर निम्म्या मुलींच्या उड्या होऊन गेल्या होत्या. त्यांना पुन्हा उडी मारायची संधी दिली, पण मोडलेलं मन पाच सेंटिमीटरने वर उचलता येत नाही. एवढी मोठी स्पर्धा, सगळं लिहिलेलं, उंचीचा आकडा तर नियमपुस्तकातच छापलेला. तरी तिथे पट्टी लावून बघणारा हात कमी पडला. म्हणून वहीत आकडा लिहून भागत नाही. आकडा कुणी, किती वाजता, स्वतःच्या हाताने तपासायचा, हेही लिहावं लागतं. खो-खोचा खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर हवा, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला येतं. पण पावसाळ्यात रात्री रोवलेला खांब सकाळी दोन बोटं खचतो, हे नियमपुस्तकात नाही. माझ्या वहीत आहे: 'सकाळी साडेसहाला खांब पुन्हा मोजणे, पहिल्या सामन्याच्या पंचांसमोर.'

वहीतला आणखी एक भाग मी मुद्दाम सांगते, कारण बरीच वर्षं तालुक्याच्या बैठकीत मी एकटीच बाई असायचे. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः लावून बघणे. खिडकीला काच नसेल तर जाड कापड. शौचालयात पाण्याची बादली भरलेली, आणि ती दर तासाला भरायला कोण, त्याचं नाव. सेफ्टी पिना, पॅड, जुनं मऊ कापड एका डब्यात, आणि डबा कुणाकडे आहे हे मुलींना आल्या आल्या सांगणे. दारापाशी एक बाई, दिवसभर. यातलं एकही वाक्य कुठल्या अहवालात मी वाचलं नाही. वाईट हेतूने कुणी वगळलं नसेल. लिहिणाऱ्यांना त्याची गरज कधी पडली नाही, एवढंच. पण ज्याला गरज पडली नाही त्यानेच वही लिहिली, की पुढच्या यजमानालाही ती गरज आहे हे कळत नाही, आणि असं वर्षानुवर्षं चालत राहतं. मला कळलेलं हे सगळ्यात कडू सत्य.

माझ्या वहीनेही एकदा दगा दिला. बहुधा १९९८ चा पावसाळा. शेजारच्या एका शाळेकडे यजमानपद गेलं आणि तिथल्या तरुण सरांनी माझी वही मागून नेली. मला कोण आनंद! वहीत लिहिलं होतं: 'उत्तरेच्या बाजूला दीड फूट खोल चर मारणे.' सरांनी प्रामाणिकपणे उत्तरेला चर मारला. त्यांच्या मैदानावर पाणी यायचं पश्चिमेकडून, कारण टेकाड पश्चिमेला होतं. मैदान भरलं ते भरलंच, शिवाय चराच्या मातीने धावपट्टी खराब झाली. दोष त्यांचा नव्हता. मी काय करायचं ते लिहिलं होतं, का करायचं ते लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात कारण लिहू लागले. 'चर वरच्या अंगाला (टेकाडाचं पाणी अडवायला, आधी पाऊस पडताना मैदानावर उभं राहून पाणी कुठून येतं ते बघणे).' ओळ लांबली. पण जिथे टेकाड दुसऱ्या दिशेला आहे तिथेही ती उपयोगी पडते.

अथेन्स २००४ साठी बांधलेली कित्येक क्रीडांगणं पुढे ओस पडली. लंडनने त्यानंतर बरीच प्रेक्षागारं तात्पुरती उभारली आणि स्पर्धा संपल्यावर उतरवली. आधीच्या यजमानाने केलं तेच आपणही करायचं असतं, असं नाही. त्याने ते का केलं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढं कळलं की पुरतं.

२००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, १२ ते १८ तारखेपर्यंत. बालेवाडीत स्वयंसेवक म्हणून काम करायची संधी मला मिळाली. श्री शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेली. तिथे मला एक वयस्क पंच भेटले, १९९४ लाही त्यांनी त्याच मैदानावर काम केलं होतं. त्यांच्या खिशात एक बारकी डायरी होती. तीत प्रत्येक क्रीडाप्रकारासमोर दोन वेळा लिहिलेल्या: ठरवलेली वेळ आणि झालेली वेळ. बांबू उडीसमोर दोन्हीत इतकं अंतर, की मी चकित झाले. ते म्हणाले, "बाई, वेळापत्रक सगळेच जपून ठेवतात. घड्याळाचं कुणी जपत नाही." परत आल्यावर मी वहीत दोन रकाने आखले. पुढच्या पाच वर्षांत आमच्या तालुक्याचे सामने अंधाराआधी संपू लागले, कारण अंडर-फोर्टीन मुलांची भाग्यपत्रिका काढायला वीस मिनिटं नाही, पन्नास लागतात, हे आता आम्हाला आधीच ठाऊक असायचं. प्रवेशिकांवरच्या जन्मतारखा आणि शाळेचे दाखले जुळवण्यात बाकीचा वेळ जातो.

ते पंच २००८ लाच साठीच्या पुढे होते. १९९४ नंतर राज्यात पुन्हा राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झालेल्या नाहीत. देशातही केरळच्या २०१५ नंतर थेट २०२२ ला गुजरातमध्ये त्या झाल्या, मग २०२३ ला गोव्यात, २०२५ ला उत्तराखंडात. मधली सात वर्षं रिकामी. स्पर्धा ओळीने होत राहिल्या, की एका यजमानाची माणसं दुसऱ्याकडे जाऊन हात धरून शिकवतात. खंड पडला की तो हात सुटतो. दिल्लीत २०१० ला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, आणि आता २०३० च्या स्पर्धेचं यजमानपद अहमदाबादला मिळालंय. मध्ये वीस वर्षं. दिल्लीत मैदानावर, स्वयंपाकघरात, बसच्या थांब्यावर राबलेली माणसं आजही देशात आहेत, पन्नाशी-साठीची. त्यांना आत्ता शोधून बोलतं केलं पाहिजे. हे काम पुढच्या दोन-तीन वर्षांतच होण्यासारखं आहे, आणि ते व्हावं अशी माझी मनापासून तळमळ आहे.

आपल्याकडे यजमान गाव बदललं नाही तरी ज्ञान सुटतं, कारण माणूस बदलतो. बदली हा आपल्या सरकारी आणि शाळेच्या जगण्याचा धर्म. अधिकारी तीन वर्षांनी जातो, शिक्षक जातो, तलाठी जातो. जाताना चार्ज देतो तो वस्तूंचा: कपाटं, खुर्च्या, फायली, किल्ल्या. गोळे चार आहेत की तीन, यावर आपण सही घेतो. मैदान कुठे भरतं यावर सही घेत नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्या डोंगरांत मोठ्या शर्यती येऊ लागल्या आहेत. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा नावाची डोंगरधाव डिसेंबरात होते. तीत ५३ किलोमीटरचा पल्ला असतो, शंभराचाही असतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरायचं, धारेधारेने भुतोंडे खिंडीकडे यायचं आणि मग तोरण्याच्या बुधला माचीला भिडायचं, ही वाट ज्यांनी चालून पाहिलीय त्यांना कळेल, की इथे धावणाऱ्याइतकंच काम वाट राखणाऱ्याचं असतं. खुणेच्या फिती कुठे बांधायच्या, धुकं कुठे उशिरापर्यंत राहतं, गवत कुठे पुरुषभर वाढतं, पाण्याचं टाकं कुठलं बारमाही, ही माहिती पायथ्याच्या वाड्यांवरच्या माणसांच्या पायांत आहे. शहरातून आलेला संयोजक ती त्यांच्याकडूनच घेतो. माझे काही विद्यार्थी आता पाणी देण्याच्या जागांवर बसतात. मी त्यांना एवढंच सांगते, की संध्याकाळी घरी गेलात की दहा ओळी लिहा. किती धावणारे आले, शेवटचा किती वाजता आला, पाणी कधी कमी पडलं, कुणाला काय दुखलं. एकाने पहिल्या वर्षी लिहिलं होतं: 'मॅडम, लोकांना थंड पाणी नको होतं, मीठ हवं होतं.' ही ओळ मला सोन्याची वाटली.

आणि पुण्याची सायकल शर्यत. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ श्रेणीतली. यातला पहिला दोन म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा दोन म्हणजे तिची पातळी. तिचा एक टप्पा भोर आणि राजगड तालुक्यांच्या भागातून गेला. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, माझ्या तोंडात मात्र जुनं नाव बसलेलं.) मी शाळेच्या मुलांबरोबर रस्त्याच्या कडेला उभी होते. आधी पोलिसांच्या गाड्या, मग मोटरसायकली, मग पंचांच्या मोटारी, आणि मग एकदम वाऱ्याचा आवाज, रंगांचा एक पट्टा, झालं. मिनिटभरात जग आमच्या दारावरून गेलं. एका मुलीने माझा हात घट्ट धरला होता. तिने विचारलं, "बाई, यांना गतिरोधक लागले नाहीत?" शर्यतीसाठी रस्त्यावरचे गतिरोधक काढले होते, रस्ते नव्याने केले होते. तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

सायकलींच्या अशा शर्यतीत यजमान दररोज बदलतो. फ्रान्सच्या टूरमध्येही रोज नवं गाव, पण शर्यत चालवणारी संस्था एकच, आणि ज्ञान तिच्या ताफ्याबरोबर गावोगाव फिरतं. आपल्या पालखीसारखं. मुक्कामाचं गाव रोज वेगळं, पण दिंड्यांचा क्रम, चोपदाराची हाक, तळ कसा लावायचा हे सगळं पालखीबरोबर चालत येतं. तरी पालखीला मुक्कामाच्या गावाची गरज असतेच, आणि ते गावही वर्षभर काहीतरी लक्षात ठेवून असतं. सायकल शर्यतीतही वळणावर गवताच्या पेंढ्या कुठे लावायच्या हे ताफा ठरवील. पण सकाळी दुधाची गाडी कितीला निघते, रानातली गुरं कोणत्या वळणावर रस्ता ओलांडतात, दवाखान्यात जायची आडवाट कुठली, हे पोलीस पाटलाला, ग्रामसेवकाला, कोतवालाला ठाऊक असतं. त्या पाच दिवसांत गावोगावच्या अशा माणसांनी जे पाहिलं ते कुणी लिहून घेतलं असेल तर फार मोठं काम झालं. नसेल, तर अजून वेळ गेलेली नाही. एक चहा, एक वही, आणि गावात बसून ऐकायची तयारी एवढंच लागतं. पुढच्या खेपेला शर्यत येईल तेव्हा, तोवर बदली झालेल्या साहेबांच्या जागी आलेल्या साहेबांच्या टेबलावर ती वही असावी.

२०२४ ला मी निवृत्त झाले. माझ्या जागी जे सर आले ते पंचविशीचे, लातूरकडचे, पावसाचा हा प्रकार त्यांनी आधी पाहिलेला नव्हता. जडवस्तू नोंदवही आम्ही उघडली. गोळे ५, थाळ्या ६, भाले ४, लेझीम ३८. सह्या झाल्या. मग मी म्हटलं, सर, आज एसटी धरू नका, उद्या जा. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. आम्ही दोघं छत्र्या घेऊन मैदानावर दीड तास उभे राहिलो. पाणी कुठून येतं ते त्यांना दाखवलं. चराची जागा पायाने दाखवली. शिपाईमामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते जिथे उभे राहायचे तिथेच मी उभी होते. वहीतली पानं आम्ही व्हरांड्यात बसून वाचली. 'घाटापलीकडची शाळा, पहिला सामना अकराच्या आत नको' या ओळीशी ते थांबले आणि म्हणाले, "बाई, घाटाचा रस्ता आता बरा झालाय ना?" मी म्हटलं, "रस्ता बरा झालाय, दरड तीच आहे. कंसातलं वाचा."

गेल्या पावसाळ्यानंतर मी शाळेत गेले, तर त्यांनी वही दाखवली. माझ्या शेवटच्या ओळीखाली त्यांची पहिली ओळ होती, निळ्या शाईत: 'निकाल ऑनलाइन भरायचे असतात. मोबाईलला रेंज फक्त मागच्या पिंपळाखाली, तेही पाऊस थांबल्यावर. एका मुलाला तिथे छत्री आणि खुर्ची देऊन बसवणे (नाहीतर निकाल रात्रीपर्यंत अडकतो आणि जिल्ह्याच्या यादीत आपल्या मुलांची नावं लागत नाहीत).'